एक लेखक, अनेक नावे! ग्रंथालयांच्या नोंदी जोडणारा ‘लिंक्ड डेटा’ काय आहे? महाड-पोलादपूरच्या वाचनालयांना त्याचा काय उपयोग?

पोलादपुरात कवींद्र परमानंद यांची समाधी दाखवली जाते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातील या कवीने संस्कृतमध्ये लिहिलेले महाराजांचे चरित्रकाव्य आज ‘शिवभारत’ या नावाने ओळखले जाते. सदाशिव महादेव दिवेकर यांनी त्याची मराठी भाषांतरासह आवृत्ती १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. २००१ मध्ये ‘द एपिक ऑफ शिवाजी’ या नावाने त्याचे इंग्रजी भाषांतर आले.

आता पोलादपूरच्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याला या कवीवर प्रकल्प करायचा आहे, असे समजा. त्याने ग्रंथालयाच्या संगणकावर ‘परमानंद’ असे टाइप केले. दिवेकरांच्या आवृत्तीची नोंद ‘दिवेकर’ या नावाखाली असेल, तर ती दिसणार नाही. इंग्रजी भाषांतराची नोंद रोमन लिपीत असेल, म्हणजे तीही निसटेल. उलट ब्रजभाषेतील अष्टछाप कवी परमानंददास आणि एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे समाजसुधारक नारायण महादेव तथा मामा परमानंद मात्र यादीत हजर होतील.

पुस्तक कपाटात आहे, पण शोधणाऱ्याला ते सापडत नाही. ही अडचण फक्त पोलादपूरची नाही. त्यावर उपाय म्हणून जगातील मोठी ग्रंथालये गेल्या दशकभरात ‘लिंक्ड डेटा’ या पद्धतीकडे वळू लागली आहेत. ही पद्धत काय आहे, ती सगळ्यांनी मिळूनच का उभारावी लागते आणि महाड-पोलादपूरसारख्या भागाला तिचा काय फायदा, ते समजून घेऊ.

नेमकी अडचण कुठे आहे?

मराठी पुस्तकांच्या बाबतीत गोंधळाला टोपणनावापासून सुरुवात होते. ‘विशाखा’ हा काव्यसंग्रह कुसुमाग्रजांचा आणि ‘नटसम्राट’ हे नाटक वि. वा. शिरवाडकरांचे. माणूस एकच, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र सांगावे लागते. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर, गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले यांचीही हीच गत.

महाड परिसरातील उदाहरणे घेऊ. शिवथरघळीशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या समर्थांची नोंद कुठे ‘रामदास’, कुठे ‘रामदास स्वामी’, कुठे ‘समर्थ रामदास’, तर कुठे ‘ठोसर, नारायण सूर्याजी’ अशी होऊ शकते. महाडच्या सत्याग्रहात मोलाचा वाटा असलेले दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे ‘आर. बी. मोरे’ किंवा ‘कॉम्रेड मोरे’ म्हणून ओळखले जातात. केवळ ‘मोरे’ असा शोध घेतला, तर त्यांच्या शेजारी जावळीचे चंद्रराव मोरे येऊन बसतील.

एका माणसाची अनेक नावे आणि एका नावाची अनेक माणसे, अशी ही दुहेरी अडचण आहे. जुन्या, अनुभवी ग्रंथपालाला ती कळते आणि तो वाचकाला योग्य कपाटाशी नेतो. पण तो निवृत्त झाला की त्याच्या डोक्यातील माहितीही त्याच्याबरोबर जाते.

आज नोंदी कशा ठेवल्या जातात?

पुस्तक ग्रंथालयात आले की प्रथम दाखलनोंद वहीत त्याला क्रमांक मिळतो. मग विषयानुसार वर्गांक दिला जातो. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी ड्युई दशांश पद्धत १८७६ मधील आहे. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ असा येतो. त्यानंतर लेखक, शीर्षक आणि विषय यांची तालिका तयार होते. पूर्वी ती कार्डांवर असे.

ही कार्डे संगणकाला वाचता यावीत म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६० च्या दशकात ‘मार्क’ नावाचा साचा तयार केला. हेन्रिएट अव्हरम या संगणकतज्ज्ञ महिलेने हे काम उभे केले. या साच्यात प्रत्येक माहितीसाठी ठरलेला रकाना असतो. मुख्य लेखक १०० क्रमांकाच्या रकान्यात, शीर्षक २४५ मध्ये आणि विषय ६५० मध्ये. मूळ लिपीतील नाव देण्यासाठी ८८० हा वेगळा रकाना आहे. परदेशी ग्रंथालयांत मराठी पुस्तकाची मुख्य नोंद बहुधा रोमन लिपीत असते, देवनागरी नाव असलेच तर या ८८० मध्ये.

साठ वर्षांपूर्वीचा हा साचा आजही जगभर वापरात आहे. त्याची मर्यादा अशी, की रकान्यात लिहिलेले ‘कुसुमाग्रज’ हे संगणकाच्या दृष्टीने केवळ अक्षरांची माळ असते. ती एक व्यक्ती आहे, तिचे दुसरे नाव शिरवाडकर आहे, हे त्याला त्यातून उमगत नाही.

नोंदींची देवाणघेवाण नवी नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओसीएलसी’ या संस्थेने १९७१ पासून संगणकावर सामायिक तालिका चालवली. आपल्याकडे ‘इन्फ्लिबनेट’ ही संस्था विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी ‘इंडकॅट’ ही संयुक्त तालिका चालवते. ‘एनआयसी’ने ‘ई-ग्रंथालय’ हे सॉफ्टवेअर दिले आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेले ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर भारतातही वापरले जाते. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट.

मात्र या देवाणघेवाणीत प्रत्येक ग्रंथालय मुख्यतः नोंदीची प्रत उतरवून घेते. ही एक प्रकारे झेरॉक्सच. मूळ नोंदीतील चूक पुढे दुरुस्त झाली, तरी तुमच्याकडच्या झेरॉक्समध्ये ती आपोआप दुरुस्त होत नाही.

मग ‘लिंक्ड डेटा’ म्हणजे काय?

सातबाऱ्याचे उदाहरण घ्या. जमिनीचा मालक बदलतो, उताऱ्यावर नावातील काना-मात्रा चुकते, फेरफार होतो, पण जमीन ओळखली जाते ती गट नंबरावरून. एका खातेदाराच्या गावातील सगळ्या जमिनी एकत्र पाहायच्या असतील, तर आठ-अचा उतारा काढतात.

लिंक्ड डेटात लेखक, पुस्तक, गाव, विषय, प्रकाशक अशा प्रत्येक गोष्टीला असाच एक कायमचा क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे इंटरनेटवरचा एक पत्ता असतो. ‘विकिडेटा’ या खुल्या माहितीसाठ्यात ‘मराठी भाषा’ या गोष्टीचा क्रमांक क्यू १५७१ आहे. तुम्ही तिला मराठी म्हणा, इंग्रजीत लिहा किंवा जपानीत, क्रमांक तोच. नावे ही त्या क्रमांकाला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. एका क्रमांकाला कितीही चिठ्ठ्या चालतात.

दुसरी गोष्ट म्हणजे माहिती छोट्या छोट्या विधानांत मांडली जाते. प्रत्येक विधानाचे तीनच भाग असतात:

– ‘नटसम्राट’ – लेखक – वि. वा. शिरवाडकर
– वि. वा. शिरवाडकर – टोपणनाव – कुसुमाग्रज
– ‘विशाखा’ – लेखक – वि. वा. शिरवाडकर

ही तीन विधाने तीन वेगळ्या संस्थांनी लिहिलेली असली तरी चालतात. शिरवाडकरांचा क्रमांक तिन्हींत सारखा असल्यामुळे संगणक ती जोडून घेतो आणि ‘कुसुमाग्रज’ शोधणाऱ्यालाही ‘नटसम्राट’ दाखवतो. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये या पद्धतीचे साधे नियम मांडले: प्रत्येक गोष्टीला वेबपत्ता द्या, तो उघडता येईल असा ठेवा, उघडल्यावर उपयोगी माहिती मिळू द्या आणि तिथून इतर गोष्टींकडे दुवे द्या.

‘शिवभारत’ला हे लावून पाहा. मूळ संस्कृत काव्य ही एक ‘कृती’. १९२७ ची मराठी भाषांतरासहची आवृत्ती आणि २००१ चे इंग्रजी भाषांतर ही त्या कृतीची दोन रूपे. कृतीचा दुवा कवींद्र परमानंदांकडे आणि परमानंदांचा दुवा पोलादपूरकडे. म्हणजे कोणी केवळ ‘पोलादपूर’ शोधले, तरी वाट ‘शिवभारत’पर्यंत पोहोचते.

‘कुलाबा’ की ‘रायगड’?

गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांत ही पद्धत किती उपयोगी पडते, याचे उत्तम उदाहरण आपला जिल्हाच आहे. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत, सरकारी अहवालांत आणि १८८३ च्या ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये महाड सापडते ते ‘कुलाबा’ जिल्ह्यात. पण ‘कुलाबा’ शोधले, तर मुंबईचे कुलाबाही समोर येते आणि अलिबागचा कुलाबा किल्लाही.

‘रायगड’ शोधले तर किल्ला आणि जिल्हा एकत्र येतात. इंग्रजीत घोटाळा आणखी वाढतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचे इंग्रजी स्पेलिंग ‘रायगढ’ असे आहे आणि छत्तीसगडमध्ये त्याच नावाचा जिल्हा आहे.

लिंक्ड डेटात किल्ल्याचा क्रमांक वेगळा, जिल्ह्याचा वेगळा, छत्तीसगडच्या जिल्ह्याचा वेगळा. ‘कुलाबा जिल्हा’ ही आपल्या जिल्ह्याच्या क्रमांकाला लावलेली जुनी चिठ्ठी, ‘१९८० अखेरपर्यंत’ अशा कालमर्यादेसह. ही जोडणी एकदा, एका ठिकाणी झाली, की अलिबागपासून लंडनपर्यंत तो क्रमांक वापरणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाला तिचा लाभ मिळतो.

जगात हे कोणी केले?

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये ‘मार्क’ला पर्याय शोधायला सुरुवात केली. त्यातून ‘बिबफ्रेम’ हा लिंक्ड डेटावर आधारलेला आराखडा पुढे आला. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१८ मध्ये ‘लिब्रिस’ ही देशाची संयुक्त तालिका या पद्धतीवर नेली. निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील लेखकांच्या नावांची सांगड घालणारा ‘वियाफ’ हा प्रकल्प त्याआधीपासून सुरू आहे. विकिडेटा २०१२ मध्ये सुरू झाला. त्यातील माहिती कोणीही, कोणतेही शुल्क न देता वापरू शकते.

‘ओसीएलसी’ने जानेवारी २०२० मध्ये व्यक्ती आणि कृती यांच्या क्रमांकांसाठी सामायिक यंत्रणा उभारायला घेतली. त्यासाठी अमेरिकेतील मेलन फाउंडेशनने २४ लाख ३६ हजार डॉलरचे अनुदान दिले. हा एकूण खर्चाचा साधारण निम्मा भाग होता. बाकीचा भार संस्थेने उचलला.

हा आकडा पाहिला की सामायिक यंत्रणा का हवी, ते लक्षात येते. प्रत्येक घराने आपली विहीर खणण्यापेक्षा गावाने एक नळपाणी योजना चालवणे परवडते. क्रमांक देणे, चुका दुरुस्त करणे, पत्ते वर्षानुवर्षे चालू ठेवणे हे काम एकट्या ग्रंथालयाच्या आवाक्यातले नाही. पोलादपूरच्या वाचनालयाने स्वतःची यंत्रणा उभारायची नसते. आपल्या घरापर्यंत नळ जोडून घ्यायचा असतो.

मराठीत पायाभरणी आहे का?

आहे, आणि ती संगणकाच्या आधीची आहे. शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालयोग्रंथालयी फिरून मराठी पुस्तकांच्या नोंदी जमवल्या. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या काळातील पुस्तकांसाठी हे काम शरद केशव साठे यांनी केले. मराठीतील लिंक्ड डेटाच्या कामाला सुरुवात करायची, तर याहून भक्कम आधार दुसरा नाही.

कायद्याचीही जोड आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय तसेच मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतील ठरावीक ग्रंथालयांकडे द्यावी लागते. त्यावर आधारित ‘भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची’ १९५८ पासून निघू लागली. त्यात भारतीय भाषांतील नोंदी रोमन लिपीत दिल्या गेल्या. छपाईच्या काळात ती सोय होती, पण देवनागरीत शोधणाऱ्यासाठी ती अडचण ठरते. लिंक्ड डेटात दोन्ही लिप्या एकाच क्रमांकाखाली राहू शकतात.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांतील हजारो शासनमान्य ग्रंथालये आहेत. एवढे मोठे जाळे असलेली राज्ये देशात कमीच. पुस्तके आणि ती सांभाळणारी माणसे गावोगाव आहेत. नोंदी मात्र बहुतेक ठिकाणी आपापल्या वहीत, नाहीतर आपापल्या एक्सेल फाइलमध्ये बंद आहेत.

पुराचा आणि याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. शेजारच्या चिपळूणमध्ये १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांचा फटका बसला.

पुरात पुस्तक भिजते, तसे दाखलनोंदीचे रजिस्टरही भिजते. वही गेली, की आपल्याकडे काय होते आणि काय गेले, हेच सांगता येत नाही. भरपाई मागायची तरी कशाच्या आधारावर? देणगीदार पुढे आले, तरी त्यांना कोणती यादी द्यायची? त्यातही स्थानिक प्रकाशने, स्मरणिका, गावाचे इतिहास यांच्या प्रती मुळात कमी छापल्या जातात. त्यातली शेवटची प्रत आपल्याकडेच होती का, की आणखी कुठे शिल्लक आहे, हे नोंदी जोडलेल्या असतील तरच कळते.

पुस्तक वाचवण्याची हमी लिंक्ड डेटा देत नाही. पण पुस्तकाची ओळख शहराबाहेरही सुरक्षित ठेवतो आणि दुसरी प्रत कुठे आहे ते दाखवतो. दर पावसाळ्यात नदीच्या पातळीकडे डोळे लावून बसणाऱ्या गावासाठी ही छोटी गोष्ट नाही.

छोट्या वाचनालयाला काय करता येईल?

सगळे एका दिवसात करायची गरज नाही. क्रम असा ठेवता येईल:

१. वहीचे फोटो काढा. दाखलनोंद वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून तो शहराबाहेरच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर ठेवा. पुरापासूनचे हे पहिले संरक्षण.

२. साधी यादी करा. शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि दाखल क्रमांक असे रकाने पुरेत. टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो आणि शोधता येत नाही.

३. आयएसबीएन असेल तर लिहा. जगभरात पुस्तक ओळखण्याचा हा क्रमांक २००७ पासून १३ अंकी आहे. १९७० च्या आधीच्या पुस्तकांवर तो नसतोच. तिथे शीर्षक, लेखक आणि वर्ष यांवरूनच ओळख पटवावी लागते.

४. नावे जुळवा. ‘ओपनरिफाइन’ हे मोफत सॉफ्टवेअर यादीतील नावे विकिडेटाशी ताडून संभाव्य जुळणी सुचवते. ती बरोबर की चूक, हे मात्र माणसाने ठरवायचे. इथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची मदत होऊ शकते.

५. स्थानिक पुस्तकांपासून सुरुवात करा. लोकप्रिय कादंबऱ्यांच्या नोंदी इतरत्रही मिळतील. तालुक्यातील लेखक, गावांचे इतिहास, शाळांच्या स्मरणिका यांची माहिती देणारे तुमच्याशिवाय दुसरे कोणी नसेल.

धोके कोणते?

पहिला धोका चुकीच्या जुळणीचा. दोन वेगळे ‘मोरे’ एकाच क्रमांकाखाली गेले, तर ती चूक तो क्रमांक वापरणाऱ्या सगळ्यांकडे पोहोचते. सामायिक यंत्रणेत दुरुस्ती झटपट पसरते, तशीच चूकही. म्हणून कोणी, केव्हा, कोणत्या आधारावर बदल केला, याचा माग राहायला हवा. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, तसा.

दुसरा प्रश्न शब्दांचा. कोणत्या विषयाला कोणते नाव द्यायचे, हे कोण ठरवणार? महाडच्या लढ्यावरील जुन्या कागदपत्रांत समाजांसाठी वापरलेले अनेक शब्द आज अवमानकारक वाटतात. ते नोंदींतून पुसले, तर जुने साहित्य शोधता येणार नाही. तसेच ठेवले, तर अपमान चालू राहील. क्रमांकाची पद्धत यात मार्ग काढते. दाखवायचा शब्द आजचा, जुना शब्द फक्त शोधापुरता. पण आजचा शब्द कोणता, हा निर्णय मराठी समाजात, संबंधित लोकांना विचारूनच व्हायला हवा. परदेशातील समितीवर तो सोडता येणार नाही.

तिसरी बाब खासगीपणाची. सामायिक करायची ती पुस्तकांची माहिती. कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले, ही माहिती वाचनालयाबाहेर जाता कामा नये.

आणि शेवटी पैसा. नळपाणी योजनेचे उद्घाटन होते, पण पंपाचे वीजबिल थकले की नळ कोरडा पडतो. इथेही तसेच आहे. सर्व्हर, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यांचा खर्च दरवर्षीचा आहे. अनुदानित वाचनालयांतील कर्मचारी तुटपुंज्या मानधनावर काम करतात. हे काम त्यांच्या माथी फुकट मारले, तर ते होणार नाही. राज्य पातळीवर एका संस्थेने क्रमांकांची जबाबदारी घेणे आणि वाचनालयांना नोंदीमागे मोबदला देणे, हा व्यवहार्य मार्ग ठरू शकतो.

आत्ताच हे का?

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने देश-विदेशातील अभ्यासक आणि सामान्य वाचक या घटनेवरील साहित्य शोधणार. ते साहित्य विखुरलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू केलेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या अंकांत ते आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या १७ व्या खंडाच्या पहिल्या भागात आहे. आनंद तेलतुंबडे यांच्या २०१६ मधील इंग्रजी पुस्तकात आहे आणि आर. बी. मोरे यांच्या आठवणींतही आहे.

यातील फक्त तेलतुंबडे यांच्या पुस्तकाच्या नावात ‘महाड’ हा शब्द आहे. शीर्षकावरून शोधणाऱ्याला ते एकच सापडेल. बाकीच्या साहित्याचा महाडशी असलेला संबंध कोणीतरी नोंदवला, तरच ते त्याच्यापर्यंत पोहोचेल. हे काम महाडमधील एखादे वाचनालय किंवा महाविद्यालय आजही सुरू करू शकते. त्यासाठी लागतात फक्त एक संगणक, इंटरनेट आणि ही पुस्तके वाचलेली दोन-चार माणसे.